तेलकट पोतं आणि वाढीव वॉरंटी

आमच्या घरापुढे गाडी आली ती गरज होती म्हणून नाही, शेजारच्या बंगल्यापुढे आली म्हणून आली. विट्याच्या आसपासच्या गावांत त्या काळी हे असंच चाललं होतं. घरातले कर्ते पुरुष लांबच्या शहरांत सोनं गाळायची दुकानं चालवतात, गावात बंगले बांधतात आणि त्या बंगल्यांना कुलपासारखी म्हातारी माणसं लावून जातात. माझा मुलगा तिकडे दक्षिणेत दुकान चालवायचा. यात्रेला गावी आला, शेजाऱ्याची गाडी बघितली, दोन दिवस धड जेवला नाही आणि मग सांगलीला जाऊन पांढरी गाडी ठरवून आला. लोकांना सांगितलं, आईच्या गुडघ्यांसाठी घेतली. माझे गुडघे त्याआधी दहा वर्षं दुखत होते.

गाडी आणायला आम्ही दोघं नवराबायकोही शोरूममध्ये गेलो होतो. तिथे गळ्यात टाय बांधलेला एक माणूस सगळ्यांशी हसून बोलत होता. तो मला म्हणाला, "मावशी, कंपनीची वॉरंटी एक वर्षाची. थोडे जास्त भरले की पुढची दोन वर्षं वाढीव वॉरंटी. काहीही बिघडू दे. गाडी आणून सोडायची, चहा प्यायचा आणि घरी जायचं."

"काहीही म्हंजी?" मी विचारलं.

"काहीही म्हणजे काहीही."

आमचे हे कोपऱ्यात उभे होते. म्हणाले, "आगं, लोखंडाची हमी ह्यो कशी देतोय? आमी सोनं घासून बघितल्याबिगर हमी देत न्हाई."

"तुमचं सोनं रस्त्यानं पळत न्हाई," मी म्हणाले, आणि मुलाला सांगितलं, भर. त्याने भरले. चहा मात्र त्या दिवशीही कुणी दिला नाही. तेव्हाच काय ते ओळखायला हवं होतं.

ह्यांच्याबद्दल थोडं सांगावं लागेल. ह्यांनी तीस वर्षं सोनं गाळायचं काम केलं. त्या दुकानांत काही म्हणजे काही टाकून देत नाहीत. फरशी झाडून निघालेली धूळ पोत्यात भरतात, हात धुतलेलं पाणी साठवतात, बसायची जुनी गादी जाळून तिची राख गाळतात. त्यातून सोनं निघतं. खोटं नाही, मी बघितलं आहे. पण तीस वर्षं असा जगलेला माणूस म्हातारपणी गावी आणून बसवला की ज्यात सोनं नाही त्याचंही तो तेच करतो. आमच्या घरात तुटकी बटणं, वाकडे खिळे आणि वीतभर सुतळ्या यांची मोठी श्रीमंती होती.

गाडी सांगलीला सर्व्हिसिंगला गेली की हे मेकॅनिकच्या मागे उभे राहत. त्याने जुना फिल्टर काढला की हात पुढे करत.

"काका, हे कचऱ्यात जातं."

"कचरा कुनाच्या गाडीचा?"

"तुमच्या."

"मग कचरा माजा."

मेकॅनिक हसायचा. वर्कशॉपच्या शेडमध्ये घट्ट केलेल्या नटांवर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायची पद्धत होती. सोन्याच्या दुकानात गिऱ्हाइकागिऱ्हाइकाचा माल वेगळा राहावा म्हणून खूण करतात, तसा हे प्रत्येक जुन्या भागावर पिवळा ठिपका मारून घेत. मग ते सगळं एका गोणपाटाच्या पोत्यात जाई आणि पोतं गोठ्याच्या कोपऱ्यात. काढलेलं काळं तेलही डब्यातून घरी येई. वाळवी लागू नये म्हणून ते हे दारांच्या चौकटींना फासत. आमच्याकडून गेलेल्या प्रत्येक पाहुण्याच्या सदऱ्यावर चौकट उमटलेली असायची. ते पोतं मी दोनदा भंगारवाल्याला घालायला काढलं होतं. दोन्ही वेळा ह्यांचं त्या भंगारवाल्याशी असं भांडण झालं की पुढे तो आमच्या गल्लीत यायचाच बंद झाला.

गाडीचा खरा उपयोग मला कळला तो माझ्या थोरल्या बहिणीमुळे. ती साताऱ्याच्या पलीकडे एका खेड्यात राहायची. डोळ्यांनी जवळजवळ गेलेली. गाडी नव्हती तेव्हा तिच्याकडे जायचं म्हणजे विट्याहून कराड, कराडहून सातारा, साताऱ्याहून पुढची एसटी आणि शेवटी चढाची पायवाट. गुडघे गेल्यापासून आमची भेट कुणी मेलं तरच व्हायची, आणि त्या वर्षांत भावकीत फारसं कुणी मरतही नव्हतं. गाडी आल्यावर मी दर महिन्याला जाऊ लागले. गल्लीतले एक निवृत्त फौजी गाडी चालवायचे. पलटणीत त्यांनी मोठे ट्रक चालवले होते, त्यामुळे आमच्या गाडीकडे ते शेळीच्या करडाकडे बघावं तसे बघत.

बहिणीकडे गेले की आम्ही भांडत असू. आईची तांब्याची घागर तिच्याकडे आहे. ती माझ्या वाट्याची, असं माझं म्हणणं. आईने जाताना घागर आपल्या हाताने तिला दिली, असं तिचं म्हणणं. जाताना आई शुद्धीवरच नव्हती. हे भांडण चाळीस वर्षं मुरलेलं होतं. बाकी सगळे तिच्याशी आंधळ्या म्हातारीशी बोलावं तसे गोड गोड बोलत. तिच्या सुना, नातवंडं, शेजारी, सगळे. तिच्याशी भांडणारी मी एकटीच उरले होते.

तिसऱ्या वर्षी, गणपती उठल्यानंतर, आम्ही असेच तिच्याकडे निघालो होतो. कराड दिसायच्या आतच गाडीच्या पोटातून जात्यात खडा आल्यासारखा आवाज झाला. फौजींनी दांडा हलवून बघितला.

"वैनी, तिसरा गिअर शहीद झाला."

"आन बाकीचं?"

"चौथा पन गेला. दुसरा मोर्चा सांभाळून हाय."

मागे बसलेले हे म्हणाले, "काहीबी म्हंजी काहीबी." तेवढंच. पण तेवढंच त्यांनी सांगलीपर्यंत चार वेळा म्हटलं.

हो, तिथूनच आम्ही गाडी सांगलीकडे वळवली. वॉरंटी होती ना! दुसऱ्या गिअरमध्ये अख्खी वाट. दुधाचे कॅन लावलेला एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला. पुढे त्याने एका घरी दूध घातलं, गप्पा मारल्या, पुन्हा आम्हाला गाठलं आणि पुन्हा मागे टाकलं. दुसऱ्या वेळी त्याने हातही केला.

वर्कशॉपच्या मॅनेजरने गाडी बघितली, आमची सर्व्हिसिंगची पुस्तिका बघितली आणि चष्मा काढून ठेवला. चष्मा काढून ठेवणारा माणूस चांगली बातमी देत नाही.

"आजी, गिअरबॉक्स गेलाय."

"वॉरंटीत बसतो का?"

"गिअरबॉक्स बसतो. तुमची वॉरंटी बसत नाही."

मग त्याने समजावून सांगितलं. सगळ्या सर्व्हिसिंग त्यांच्याकडेच झाल्या पाहिजेत आणि प्रत्येकीचा शिक्का पुस्तिकेत पाहिजे. आमच्या पुस्तिकेत एक शिक्का कमी होता. एक सर्व्हिसिंग चुकवली, वॉरंटी संपली.

मला तो दिवस चांगला आठवत होता. सर्व्हिसिंग झाली होती, त्याच शेडमध्ये. पण शिक्का ज्याच्या ताब्यात तो कारकून खणाला कुलूप घालून भाच्याच्या लग्नाला गेला होता. पुढच्या वेळी एकदम दोन मारू, असं आम्हाला सांगितलं होतं. पुढच्या वेळी एकच मारला. लग्न कुणाच्या भाच्याचं, आणि विघ्न आमच्या गाडीला.

"कॉम्प्युटरमध्ये नोंद नाही," मॅनेजर म्हणाला.

"तवा तुमच्याकडं कॉम्प्युटर हुता का?"

"नव्हता. तो यंदा आला."

"मग त्यात कशी असंल?"

"म्हणूनच म्हणतो ना आजी, नाही."

मी चार बुकं शिकलेली बाई. ह्याच्यावर काय बोलावं ते त्या चार बुकांत नव्हतं. मी एवढंच म्हणाले, "पयलं म्हंजी मी तुमची आजी न्हाई. गाडी घेताना मी मावशी हुते. दोन वर्सांत यवडी कशी वाडली?"

तो हसला आणि म्हणाला, यातलं काही असेल तर आमच्या मालकांनाच भेटा. मालक पुण्याला गेले होते. गाडी तिथे ठेवून आम्ही एसटीने घरी आलो. त्यानंतर फौजींनी जितके फोन केले तितक्या वेळा मालक पुण्यालाच होते. शोरूम सांगलीत कशाला काढली कोण जाणे.

मुलाला फोन लावला. तो दुकानाच्या गडबडीत होता. म्हणाला, "आई, कशाला त्यांच्या नादी लागतीस? दिवाळीला आलो की आहे त्या भावात विकून टाकतो. तुम्हाला तरी कुठं जायचं असतं?"

"सातारला जाती की मी."

"मावशीकडं? ते एसटीनं होतंय की."

गुडघ्यांसाठी घेतलेली गाडी गुडघे विसरून विकायला निघाली होती. मी फोन ठेवला. दिवाळीपर्यंत गाडी चालती झाली नाही तर पुढची भेट पुन्हा कुणाच्या तरी तेराव्याला, आणि या खेपेला ते तेरावं आमच्या दोघींपैकीच एकीचं असायची शक्यता जास्त, हा हिशेब मला कळत होता. तोवर बहिणीने कुणाच्या तरी फोनवरून निरोपही पाठवला: "गाडी मोडली म्हनं. बरं झालं, घागर वाचली."

एक दिवस हे सकाळपासून दिसेनात. गोठ्यात जाऊन बघते तर पोतं ओतून बसलेले. वहाणांना तेल, धोतराला तेल, कपाळावर हात फिरवला असेल तर तिथेही तेल.

"आवं, हे काय मांडलंय?"

"शिक्कं किती हायत?"

"चार."

"फिल्टर पाच."

"मग?"

"मग पाचवा काय आबाळातनं पडला? प्रत्येकावर त्यांचाच पिवळा ठिपका हाय." असं म्हणून त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती नजर मी लग्नानंतर पहिल्यांदाच खपवून घेतली.

कधी जायचं ते फौजींनी ठरवलं. म्हणाले, "वैनी, दसऱ्याला हल्ला. त्या दिशी यंत्रांची पूजा असतीया. मालकाला पुण्यात लपून भागायचं न्हाई, खुर्चीत बसावंच लागंल."

दसऱ्याला सकाळी आम्ही तिघं आणि पोतं सांगलीच्या एसटीत चढलो. कंडक्टरने नाक धरलं.

"काका, काय हाय ह्यात?"

"गाडी."

"कुनाची?"

"आमची."

"मग तिच्यात बसून जायाचं की! तिला का बसवून नेताय?"

अख्खी एसटी हसली. हे हसले नाहीत. त्यांनी पोत्याचं तोंड घट्ट धरून ठेवलं होतं, जसं काही कोणी फिल्टर पळवणार होतं.

शोरूममध्ये झेंडूच्या माळा, पांढऱ्या फरशीवर मोठी रांगोळी आणि तीनचार नव्या गाड्या फुलं लावून उभ्या. बायका जरीची लुगडी नेसून आलेल्या. प्रत्येक गिऱ्हाइकाजवळ एक टायवाला उभा होता. आमचा टायवालाही होता. गाडी घ्यायला आलेल्या शिराळ्याकडच्या एका शाळेच्या गुरुजींना तो सांगत होता, "काहीही म्हणजे काहीही."

मॅनेजर लगबगीने आला. "आज नको, आजी. आज मुहूर्त आहेत. सोमवारी या."

"मालक हायत का?" फौजींनी विचारलं.

"पूजेला बसलेत."

"मग आमी हितंच थांबतो. पूजा हुईस्तवर पुरावा मांडून ठेवतो."

हे खाली बसले आणि त्यांनी पोतं सोडलं. मी देवाशपथ सांगते, गोंधळ घालायचा आमचा विचार नव्हता. आम्ही प्रामाणिकपणे पुरावा द्यायला गेलो होतो. ह्यांनी एक एक जिन्नस काढून ओळीने मांडायला सुरुवात केली. आधी पाच तेलाचे फिल्टर. मग हवेचे फिल्टर, प्लग, ब्रेकचे झिजलेले लायनर, एक पट्टा. नीट, अंतर राखून, पिवळा ठिपका वर येईल असं. सोन्याच्या दुकानात माल मांडतात तसं. पण सोन्यातून तेल गळत नाही. पहिल्या फिल्टरमधून काळा ओघळ निघाला आणि फरशीच्या उतारावरून संथपणे रांगोळीकडे चालू लागला. जळक्या तेलाचा वास धूपाच्या वर चढला.

गुरुजी टायवाल्याला सोडून आमच्याकडे आले. "काय हो हे?"

"वाडीव वॉरंटी," हे मान वर न करता म्हणाले.

"म्हणजे?"

ह्यांना इतकं नीट कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी गुरुजींना पहिल्यापासून सगळं सांगितलं. शिक्का, कारकून, भाच्याचं लग्न, कॉम्प्युटर. आणि शेवटी म्हणाले, "तर गुर्जी, तुमाला म्हनून सांगतो. शिक्का मारल्याबिगर गाडी भायेर काढू नगा, आन जुना फिल्टर कवाच सोडू नगा. घरी पोतं हाय का?"

तोवर दुसरी दोन गिऱ्हाइकंही जवळ आली होती. त्यांच्यातल्या एकाची बायको टायवाल्याला मोठ्याने म्हणाली, "मग आमच्या कागदावर ह्यो शिक्का आत्ताच मारून द्या की, सगळ्या वर्सांचा." टायवाला काहीतरी पुटपुटला. गुरुजींनी सहीसाठी काढलेलं पेन खिशात परत घातलं. तो ओघळ रांगोळीच्या कमळात शिरला.

एवढ्यात शोरूमचे मालक आले. कपाळावर टिळा, हातात आपट्याची पानं. त्यांनी फरशी बघितली, मग रांगोळी, मग गुरुजींचा पेन नसलेला रिकामा हात. आम्हाला त्यांनी सगळ्यात शेवटी बघितलं.

"मावशी," ते म्हणाले. मी पुन्हा मावशी झाले होते. "आधी हे उचला. मग बोलू."

"आदी गाडी, मग उचलू," मी म्हणाले. "आमी भांडायला न्हाई आलो. मोजा. शिक्कं चार, फिल्टर पाच."

मालक मॅनेजरकडे वळले. "काय राहिलंय यांचं?"

"साहेब, एक शिक्का नाही."

"शिक्का कुणाकडे असतो?"

"आपल्याकडे."

"मग मारा की!"

शिक्का आला. मारला. एवढंच. ज्या शिक्क्यासाठी माझी गाडी विकली जाणार होती तो पूर्ण वेळ दहा पावलांवरच्या खणात पडून होता.

मला वाटलं, संपलं. पण हे उठेनात. त्यांचा चेहरा पडला होता.

"आवं, मोजा तरी," ते मालकांना म्हणाले.

"काका, मान्य आहे सगळं. मोजायची गरज नाही."

"न मोजता कसं मान्य? मी खोटा असलो तर? ठिपका तरी बघा!"

मालकांनी हात जोडले. हे भारी नाराज झाले. घरी येईपर्यंत म्हणत होते, ह्या माणसाला धंदा कळत नाही. सत्य त्यांच्या पोत्यात होतं आणि ते बघायची कुणाला गरजच पडली नव्हती. गाडी वासाने मिळाली. मी हे त्यांना बोलून दाखवलं नाही. एसटीत पोतं त्यांच्या मांडीवर होतं, आणि माझं लुगडं नवं होतं.

निघताना चहा मात्र आला. टायवाल्यानेच आणला. थंड होता, पण मी पूर्ण प्यायले, कारण त्याचे पैसे गाडी घेतानाच भरले होते. ह्यांनी सगळे फिल्टर मोजून परत पोत्यात भरले, फरशी पुसली आणि पुसलेलं फडकंही पोत्यात घातलं. फडकं शोरूमचं होतं. दाराशी गुरुजींनी ह्यांना आपट्याचं पान दिलं आणि पाया पडले.

गाडी दिवाळीच्या आधी नवा गिअरबॉक्स घालून मिळाली. त्या दिवशी पुन्हा एक तंटा होता होता राहिला. वॉरंटीत बदललेला जुना भाग कंपनीला परत जातो, म्हणे. हे एवढा मोठा जुना गिअरबॉक्स डोळ्यांदेखत शेडमध्ये सोडून आले. त्या दुःखात त्यांना दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. मुलगा दिवाळीला आला, त्याने गाडी गावातून एकदा फिरवली आणि शेजाऱ्याला म्हणाला, "आईच्या गुडघ्यांसाठी ठेवलीय."

दिवाळी झाल्यावर मी बहिणीकडे गेले. ती पडवीत उन्हाला बसली होती. गाडीचा आवाज तिने ओळखला, पण तोंड वळवलं नाही.

"कोन हाय?"

"मी हाय."

"मला वाटलं, इकली गाडी."

"न्हाई इकली."

"मग आता पुन्यांदा दर म्हैन्याला येऊन माजं डोकं खानार व्हय?"

"व्हय. वॉरंटी हाय तवर तरी."

तिने ते काय असतं म्हणून विचारलं. मी सांगितलं, गाडीत काही बिघडलं तर ते फुकट नीट करून देतात, तसं लिहून दिलेलं असतं. आता थोडेच महिने राहिलेत.

तिने बोटांवर महिने मोजले. मग म्हणाली, "आन संपल्यावर?"

"तवर आपल्यातली येक जाईल."

"कोन?"

"ते त्यांच्या कागदात लिवल्यालं न्हाई."

"जाशील तर तूच जाशील," ती म्हणाली. "माजं निस्तं डोळं गेल्यात. तुजं गुडघं गेल्यात, आन नवरा त्यो तसला." मग तिने सुनेला हाक मारली, "चा टाक गं, धाकटी आलीया. आन ती घागर आत नेऊन ठेव, हिची नजर पडंल."

घागर आतच होती, हे दोघींनाही ठाऊक होतं. मी वहाणा काढल्या, तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "आई शुद्धीवर न्हवती."

"तू कुटं हुतीस तवा?" ती म्हणाली, आणि पदर खोचून सरसावून बसली.